समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा कसला?

दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या निधनानंतर मी रोज सकाळी सवयीने दोघांचा चहा टाकत असे आणि दुसरा कप ओट्यावर निवून जाईपर्यंत तिथेच बसून राहत असे. ‘मन रमवा, पोथी वाचा,’ असे सल्ले सर्वांनी मायेने दिले. पण माझे बोलणे मध्येच न तोडता ऐकून घेतले ते समुपदेशक बाईंनीच. त्यांनी औषध दिले नाही (ते काम मनोविकारतज्ज्ञांचे). झोपेची वेळ, संध्याकाळचे फिरणे आणि रोज एका तरी माणसाशी बोलणे एवढेच ठरवून घेतले आणि सहाव्या-सातव्या भेटीपर्यंत मला रात्री सलग झोप लागू लागली.

फी परवडत नाही किंवा गावात कोणी समुपदेशक नाही, म्हणून अनेक जण सोसत राहतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तीही चोवीस तास आणि मराठीतूनसुद्धा. मात्र आमच्या भागातील आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचे वेळापत्रक दिसते, हा क्रमांक दिसत नाही. तो प्रत्येक आरोग्य केंद्रात, शाळेत आणि एसटी स्थानकावर ठळक अक्षरांत लावावा, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा