अडचण एलईडी भिंतीची नाही

महोदय,

चित्रपटाच्या सेटवर गेम इंजिन (व्हिडिओ गेममधली दृश्ये त्या त्या क्षणी रेखाटणारी संगणकप्रणाली) वापरण्याचा विषय निघाला की चर्चा नटांच्या मागे संगणकीय पार्श्वभूमी दाखवणाऱ्या महागड्या एलईडी भिंतीपाशी येऊन थांबते आणि ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. ‘द मँडलोरियन’ (२०१९) या मालिकेसाठी सुमारे २० फूट उंचीची आणि ७५ फूट व्यासाची अर्धवर्तुळाहून मोठी भिंत उभारली होती, हे खरेच. परंतु मराठी चित्रपटाला उपयोगी पडेल ती सोय याहून फार साधी आहे. कॅमेऱ्याची जागा, कोन आणि लेन्स यांची माहिती इंजिनला सतत मिळत राहिली, की हिरव्या पडद्याच्या जागी नंतर संगणकावर जोडला जाणारा किल्ला दिग्दर्शकाला चित्रीकरण चालू असतानाच मॉनिटरवर दिसतो. स्पीलबर्ग यांच्या ‘ए. आय.’ (२००१) या चित्रपटाच्या सेटवर ‘अनरिअल’ इंजिन याच कामासाठी वापरले गेले होते.

याची गरज किती, ते दृश्यपरिणामांचे काम करताना मी अनुभवले आहे. एका ऐतिहासिक चित्रपटासाठी तटबंदी सेटवर जेमतेम आठ फूट बांधली होती. वरचा भाग संगणकावर जोडायचा होता. छायाचित्रकाराने ती वीस फुटांची धरून फ्रेम लावली, आणि आमच्याकडे आलेल्या आराखड्यात ती चाळीस फुटांची निघाली. बुरुजाचा माथा फ्रेमबाहेर गेला आणि वर पाहणाऱ्या मावळ्याची नजर मधल्याच दगडांवर अडकली. नटाची नजर मागाहून हलवणे सोपे नसते, म्हणून शेवटी बुरुजच निम्मा केला!

इंजिनमधले चित्र कच्चे असते, हे मान्य. सेकंदाला २४ फ्रेम दाखवायच्या म्हणजे इंजिनला एक फ्रेम रेखाटायला सुमारे ४२ मिलिसेकंद मिळतात. अंतिम दृश्यातल्या एकेका फ्रेमला कित्येकदा तास लागतात. पण तट किती उंच, हे ठरवायला कच्चे चित्र पुरते. शिवाय वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपनीला ‘अनरिअल’ मोफत वापरता येते, त्यामुळे खर्च उरतो तो चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक, कॅमेऱ्याचा माग घेणारे उपकरण आणि ते चालवणारा माणूस यांचा.

मात्र किल्ल्याचा संगणकावरचा नमुना चित्रीकरणाच्या आधी तयार हवा, म्हणजे आम्हाला पॅकअपनंतर न बोलावता पटकथेच्या वेळीच बोलवावे लागेल आणि मानधनही तेव्हापासून सुरू करावे लागेल. निर्मात्यांचे घोडे बहुधा इथेच अडते.

आपला,
एक दृश्यपरिणाम तंत्रज्ञ, गोरेगाव