होलोग्राम चिकटवला म्हणजे झाले?

महोदय,
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्था नि शाळा ओळखपत्रांच्या निविदेत, बनावट कार्डे होऊ नयेत म्हणून, ‘होलोग्राम हवा’ एवढेच लिहितात. वरून चिकटवलेला होलोग्राम काय कामाचा? तो फोटोला बांधलेलाच नसतो. लॅमिनेशनच्या पाउचात पकड कागदावर असते. घामा-पावसाने कड सुटली की सगळेच सुटते. पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकच्या कार्डाचे थर मात्र उष्णता-दाबाने एकजीव होतात, लेसर आतल्या थरात काळा मजकूर उमटवतो.

ते महाग पडते, मान्य. मग ०.७६ मिमीच्या साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या कार्डावर छपाईनंतर होलोग्राफिक ओव्हरले, म्हणजे होलोग्राम असलेले पातळ पारदर्शक आवरण, फोटोवरूनच न्या. क्यूआर कोडात डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे मजकूर बदलला तर तपासणीत पकडून देणारी सांकेतिक खूण हवी. साध्या मजकुराचा कोड कुणीही छापतो. आणि ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरकडून भिंगातूनच वाचता येतील अशी कन्नड-मराठी सूक्ष्माक्षरे मागू नका, जोडाक्षरांचे नुसते ठिपके होतात.

– कार्ड छपाई व्यावसायिक, बेळगाव