श्यामचा 'च' आणि श्यामचीचा 'च'

खानापूर (बेळगाव),
आषाढ, ऐन पावसात

प्रिय मित्रा,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. चूक माझीच, मनापासून माफी मागतो. तब्येतीचं आधी उरकतो. गुडघे आहेत तसेच, साखर गोळीवर आहे, हिची कंबर पावसात धरते. झालं.

कौलं गळतात का बघायला माळ्यावर चढलो, तर ट्रंकेत तुझी 'श्यामची आई' सापडली. होय, तुझीच! चाळीस वर्षं तू म्हणत आलास की ती माझ्याकडे आहे, आणि मी शपथेवर नाही म्हणत आलो. तू जिंकलास. खाकी कव्हर, आत तुझं नाव आणि त्याखाली तुझ्या बाळबोध अक्षरात 'चोरणाऱ्यास साडेसाती'. साडेसात वर्षं कधीच उलटून गेली, आता तरी शाप मागे घे. श्यामच्या पोहण्याच्या पानावर तुझ्या बोटांचा तेलाचा डाग अजून आहे. आठवतं? आपल्या शाळेतल्या गुरुजींनी शनिवारी ते प्रकरण वाचलं आणि रविवारी तुझ्या आईनं तुला भाताच्या कणगीमागून ओढून काढलं. पाठीला सुका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत ढकलायचं काम माझ्याकडे होतं. वर आलास तो मला शिव्या घालतच!

पण पत्र त्यासाठी नाही. नातवासाठी आहे.

पोरगा चौथीत आहे. घरात बोलतो आपलं, शाळेत कन्नड. त्याला रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवायला लागलो. वीज गेलेली, बाहेर मलप्रभा दोन्ही काठ धरून वाहतेय, आणि हा मांडीला मांडी लावून ऐकतोय. पालगड कुठे, दापोली कुठे, आपल्या घाटाच्या खाली की पलीकडे, सतरा प्रश्न. गुरुजी आपल्याला सांगायचे तेच त्याला सांगितलं: साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत यातलं बहुतेक लिहून काढलं. तर म्हणतो, "मग हात दुखला नाही त्यांचा?" आपल्या वर्गात हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

चौथ्या-पाचव्या रात्री बघतो, तर हा मी वाचतोय ते वहीत उतरवून घेतोय. मराठीच, पण कन्नड अक्षरांत. गोल गोल, वळणदार, सुंदर अक्षर आहे रे त्याचं. आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. वही हिसकावली. म्हटलं, श्यामची आई या लिपीत लिहितोस? पोरगं काही बोललं नाही. उठलं आणि आईजवळ जाऊन झोपलं.

त्या रात्री मला झोप नाही. कानात तुझा आवाज होता. माझ्या पोराला कन्नड शाळेत घातलं तेव्हा तू भर बाजारात म्हणालास, "आपल्याला कर्नाटकात घातलं म्हणून 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालणारा माणूस हे करतो?" मी म्हटलं, तू पुण्याला निघालास, तुला काय जातंय, इथं कचेरीत अर्ज द्यायला, नोकरी धरायला कन्नड लागतं. मी ते पोटासाठी केलं, आणि आजही ते चूक म्हणवत नाही. पण पोराच्या पोराला 'आई' ही अक्षरं वाचता येत नाहीत, हे बघून आतून काही तुटलं ते तुटलंच. तेव्हा आपण एकमेकांशी दोन वर्षं अबोला धरला त्यात तू थोडा बरोबर होतास, एवढं आज लिहून देतो.

पहाटे वही उघडली. मला कन्नड वाचता येतं, एसटीच्या पाट्यांवर शिकलो. एकेक अक्षर लावत गेलो आणि आपलीच भाषा कानावर आली, आपल्या खानापूरच्या हेलासकट. आणि एक गंमत. काही 'च'वर त्यानं बारीक टिंब दिलंय. सकाळी विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "आज्जा, श्यामचा मधला च आणि श्यामची मधला च वेगळा ऐकू येतोय की. मग खूण नको?" आपण जन्मभर दोन्ही एकच लिहीत आलो. मला हे साठीपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

मग आठवलं, साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या भाषांशी सोयरीक केली, 'कुरळ' हा तमिळ नीतिग्रंथ मराठीत आणला, शेवटी भारतातल्या भाषा एकमेकींना जोडणाऱ्या आंतरभारतीचा ध्यास घेतला. त्यांच्याच पुस्तकापायी मी पोरावर ओरडलो. श्यामच्या आईनं शिंपटीनं मारलं, पण पोहून आल्यावर दह्याची वाटीही पुढे ठेवली. मी नुसती शिंपटीच उचलली.

म्हणून दुपारी वाटीत दही घेतलं, वर साखर घातली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "मी पोहायला गेलोच नव्हतो की आज्जा." आणि सगळं खाल्लं. मला तोंड फिरवावं लागलं.

आता मला सांग, याला देवनागरी शिकवू कशी? सक्ती करायची नाही, हे ठरलंय. तू मास्तरकी केलीस, तुला ठाऊक. बाराखडीचं एखादं मोठ्या टायपाचं पुस्तक तिकडे मिळालं तर पाठव. आणि ही वही मी फाडायची नाही, ट्रंकेतही टाकायची नाही, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही, आणि इथं दुसऱ्या कुणाला विचारलं तर कुणी काळी फीत काढेल, नाहीतर कुणी मला वेड्यात काढेल.

धाकटीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव, दोघं येतो. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं ना? फ्लॅटला पाणी येतंय का? येताना तुझं पुस्तक आणीन. नाही, थांब, सगळ्या रात्री संपल्यावर आणीन. बेचाळीस आहेत, आणि आज त्यानं स्वतःहून दिवा आणून ठेवलाय.

तुझाच,
बाळ्या