संपादनाबाहेरच्या जमिनीचे काय?

महोदय,

महामार्गामुळे शेतीचे किती नुकसान, असे विचारले की उत्तर एकच मिळते: इतके हेक्टर संपादन. तो हिशेब सोपा आहे. ७० मीटर रुंद पट्टा धरला तर दर किलोमीटरला सात हेक्टर. पण पट्ट्याशेजारच्या ज्या शेतातला एक गुंठाही गेलेला नाही, त्याचे काय होते ते कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही.

पाण्याचेच घ्या. दोन-तीन मीटर उंचीचा भराव म्हणजे उताराला घातलेला आडवा बांधच. आधी ओघळीओघळींनी पसरून वाहणारे पाणी आता मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेपाशी, गोळा होते. वरच्या बाजूचे रान लवकर वाफशावर (मशागतीजोग्या ओलीवर) येत नाही आणि हळूहळू चिबड, म्हणजे पाणथळ, होत जाते. मोरीच्या तोंडाशी गाळ-पालापाचोळा अडकला तर विचारायलाच नको. खालच्या बाजूला तीच एकवटलेली धार माती खरवडून नेते. नकाशात नाला असतो, बांधाकडेची ओघळ नसते. ती भर पावसात चालत गेल्याशिवाय दिसत नाही. कोरड्या दिवसांत पाहणी उरकली की निसटलीच म्हणायची.

तिरक्या आखणीचे दुखणे वेगळे. चौकोनी शेत तिरके कापले की त्रिकोणी कोपरे उरतात, तिथे ट्रॅक्टर वळत नाही. विहीर अलीकडे आणि रान पलीकडे, अशीही गत होते. समोर दिसणाऱ्या तुकड्यात जायला भुयारी मार्गापर्यंत वळसा घालायचा, आणि त्याची उंची मोटारी डोळ्यांपुढे ठेवून ठरवली असेल तर चाऱ्याने भरलेली गाडी तिथेच अडते. कागदावर मात्र ही जमीन शेतकऱ्याकडे 'शिल्लक' असते!

हे मोजता येत नाही, ही सबब झाली. अमेरिकेत १९८१च्या शेतजमीन संरक्षण कायद्याखाली केंद्राच्या पैशातून होणाऱ्या रस्त्यांची आखणी २६० गुणांच्या तक्त्यावर तोलतात. त्यात रस्त्यामुळे कसण्याजोगी न राहणारी उर्वरित जमीन हा स्वतंत्र मुद्दा असून त्याला २५ गुण आहेत. (गुण कितीही आले तरी तो कायदा रस्ता अडवू शकत नाही, हेही खरे.) फ्रान्सने १९६२च्या कायद्याने पुढची पायरी गाठली: शेतांची घडी विस्कटली तर तुकड्यांची फेरजुळणी करायची आणि तिचा खर्च रस्ता बांधणाऱ्याने सोसायचा.

आपले मूल्यांकनही गटनिहाय व्हावे. किती गेली याच्या शेजारी उरलेली किती कसता येईल, हा रकाना असावा. आखणी पक्की करण्याआधी एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मोऱ्यांच्या जागा त्या पाण्यात, शेतकऱ्याला बरोबर घेऊन ठरवाव्यात.

– एक वाचक