रोदँचा असिस्टंट, एवढीच ओळख का?

संपादक साहेब, नमस्कार

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच शिल्पकार रोदँवरचा लेख वाचला, फोटोपण मस्त होते, पण शिल्पकार आंत्वान बूर्देलला एका ओळीत 'रोदँचा शिष्य' म्हणून उरकून टाकलंय ते काही पटलं नाही. अहो तो पैसे घेऊन काम करणारा असिस्टंट होता, 1893 पासून 1908 पर्यंत. रोदँ मातीत मूर्ती घडवायचा आणि ती संगमरवरात उतरवायला बूर्देलसारखी मंडळी असायची, म्हणजे रोदँचे म्हणून जे पुतळे आपण म्युझियममध्ये डोळे विस्फारून बघतो त्यावर छिन्नी बऱ्याचदा भलत्याचीच चाललेली असते! हे तरी लिहायचं होतं.

बाकी बूर्देल 1861 चा, दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबांचा. वडील फर्निचर बनवायचे, पोरगा तेराव्या वर्षी शाळा सोडून त्यांच्याच हाताखाली लाकूड कोरायला लागला. मग तुलूज, मग पॅरिसचं नामांकित आर्ट स्कूल, तिथे काय त्याचं पटलं नाही, सोडलंन.

त्याचा धनुर्धारी हर्क्युलिस बघा एकदा, 1909 चा. एक पाय खडकाला रेटलाय, दुसरा गुडघा टेकलाय, धनुष्य पार ताणलंय, आणि नीट बघितलं की कळतं अरे याला दोरीच नाही, बाण पण नाही, सगळा जोर नुसत्या दंडात न पाठीत दिसतो. रोदँची ती थरथरती कातडी इथे औषधालाही नाही, इमारत बांधावी तसं शरीर बांधलंय. (यासाठी पोझ देणारा लष्करी अधिकारी पुढे 1916 ला पहिल्या महायुद्धात व्हर्दनच्या लढाईत मारला गेला.)

पण मला विचाराल तर त्याचं खरं काम शिकवण्याचं. 1909 पासून 1929 ला मरेपर्यंत तो पॅरिसच्या ग्रांद शोमिएर अकादमीत शिकवत होता. शिल्पकार जियाकोमेती त्याचा विद्यार्थी, शिल्पकार जर्मेन रिशिए त्याची विद्यार्थिनी, आणि 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात सोव्हिएत मंडपावर हातोडा-विळा उंचावलेली ती प्रचंड जोडी केली ती व्हेरा मुखिना पण त्याचीच. आता जियाकोमेतीची ती काडीसारखी माणसं न मुखिनाची ती धिप्पाड जोडी शेजारी ठेवा, एकाच मास्तरची पोरं वाटतात का? रोदँला असं जमलं असतं असं मला तरी वाटत नाही.

पॅरिसच्या मोंपार्नास भागातला त्याचा स्टुडिओ 1949 पासून म्युझियम आहे, कायमचा संग्रह बघायला तिकीट पण नाही. पुढच्या पुरवणीत त्यावर एक पान द्या, आणि फोटो हर्क्युलिसचा मोठा छापा.

आपला नेहमीचा वाचक