बाई, त्या कविसंमेलनाला नेलंत म्हणून

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "जेवलीस काय?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. हिवाळ्यात आपल्या बेळगाव भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून संमेलनांचे मांडव पडतात. म्हातारी माणसं सकाळपासून जागा धरून बसतात, आणि मराठी घेऊन शिकणारी पोरं मात्र त्या दिवशी घरी असतात. मीही घरीच असायचे. परीक्षेला ते काही येत नाही, असं वाटायचं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला कविसंमेलनाला न्यायचं म्हणून तुम्ही खानापूरला बाबांना फोन केलात. "संध्याकाळी सातच्या आत सीबीटी बसस्टँडवर तिला गाडीत बसवते, माझी जबाबदारी," म्हणालात. तिकिटाचे पैसे परत द्यायला आले, तर मांडवाबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलकडे बोट दाखवलंत. त्या पैशांतून घेतला तो माझ्या मालकीचा पहिला कवितासंग्रह. तोवर माझ्याकडे फक्त गाईडं होती. इंदिरा संतांच्या कवितेचं रसग्रहणही मी गाईडमधूनच उतरवलं होतं. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ बेळगावात गेला, इथल्याच ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवलं, हे मला त्या दिवशी गाडीत तुमच्याकडून कळलं. दोन पानं लिहून मार्क मिळाले होते, आणि इंदिराबाई कुठल्या गावच्या हे मी विचारलंच नव्हतं. त्याची मला अजून खंत आहे.

मांडवात शिरताना तुम्ही वही हातात दिलीत आणि सांगितलंत, "आज अर्थ लिहायचा नाही. कवी कुठं थांबतो, तेवढंच लिही."

एका कवीने गझलेची ओळ म्हटली आणि थांबला. तीच ओळ पुन्हा म्हटली. मला वाटलं, पुढचं विसरला. तुम्ही हळूच म्हणालात, "थांब, काफिया येतोय." सगळा मांडव वाट बघत होता. दुसरी ओळ आली, काफिया पडला, आणि त्यामागचा रदीफ त्याच्याबरोबर पुढच्या चार रांगांनी म्हटला. काफिया म्हणजे यमकाचा शब्द, रदीफ म्हणजे त्याच्यामागून तसाच फिरून येणारा शब्द, ही व्याख्या मला पाठ होती. खरं मतल्याच्या, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत ते का यायला लागतात, ते तिथं कळलं. मतल्यात कवी ऐकणाऱ्यांना खूण देऊन ठेवतो. पुढच्या प्रत्येक शेरात ते त्या खुणेची वाट बघतात. पुस्तकात दोन्ही ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात, डोळा एकदम खाली जातो. मधली वाट बघणं पानावर राहत नाही.

दुपारी तुम्ही मला कवींची यादी देऊन व्यासपीठाच्या मागे उभं केलंत. पाणी द्यायचं, पुढचं नाव कुणाचं ते सांगायचं, एवढंच काम. तिथं एक कवी घडी घातलेला कागद परत परत उघडून बघत होते. एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला होता. माइकसमोर गेल्यावर त्यांनी खोडलेलाच शब्द वाचला. नंतर मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "माणसं समोर बघितली आणि आधीचाच बरा वाटला." एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे शिकताना पाठभेद, एकाच ओळीची वेगवेगळी रूपं, म्हणजे जुन्या पोथ्यांतलं काहीतरी वाटायचं. इथं पाठभेद माझ्यासमोर, माणसाच्या खिशात होता. त्या दिवसापासून मी कुठलीही कविता वाचताना इथं आधी काय असेल, असा विचार करते. एम.ए.ला मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

सगळ्याच कविता चांगल्या नव्हत्या. काहींना टाळ्या खूप पडल्या आणि माझ्या वहीत त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा नाही. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, माझं मलाच ठरवू दिलंत.

उचगावकडची एक मुलगी, माझ्याच वयाची. तिने कवितेत "पण" म्हणायच्या जागी "खरं" म्हटलं, जसं आपण घरात म्हणतो. शाळेत निबंधातल्या असल्या "खरं"वर लाल पेनाने रेघ यायची. मांडवात कुणी हसलं नाही. मागची एक बाई "होय की" म्हणाली. वहीत मी तो एकच शब्द लिहिला आणि त्याभोवती गोल केला. या पत्रातही तो मुद्दाम ठेवला आहे.

मग कानडी कवी आले. आधी कानडीत वाचलं, मागून मराठी अनुवाद. अनुवादात "अव्वा" तशीच ठेवली होती, तिची "आई" केली नव्हती. आमच्या गल्लीतल्या कानडी घरांतली अव्वा मला ठाऊक आहे. तिला आई म्हटलं असतं तर घरच बदललं असतं. परतीच्या गाडीत तुम्ही द. रा. बेंद्र्यांबद्दल सांगितलंत. घरात मराठी बोलणारा धारवाडचा माणूस कानडीतला एवढा मोठा कवी झाला, १९७३चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. सीमाभागात भाषेवरचं भांडण मी लहानपणापासून ऐकत आले. दोन भाषांनी एकमेकींचं शांतपणे ऐकून घेतलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

शेवटी एक आजी, जात्यावरच्या ओव्या म्हणायला कागदाशिवाय आलेल्या. ज्ञानेश्वरीतल्या ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि बिनयमकाचा, म्हणून साडेतीन चरण, हे मला येत होतं. मी बोटांवर मोजायला लागले आणि जात्यावरची ओवी त्या मापात बसेना. आजी शब्द ओढून लांबवत होत्या, जात्याच्या एका फेऱ्याएवढा. तुम्ही माझी बोटं धरून खाली ठेवलीत.

बाई, माझ्या प्रकल्पाचा विषय तिथूनच निघाला. आमच्या आजीच्या एकतीस ओव्या उतरवून झाल्या आहेत. ती बसून सांगते तेव्हा तिला नीट आठवत नाहीत, म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढलं. दाणे नव्हते, नुसतंच फिरवलं, तर सात ओव्या आणखी निघाल्या. शनिवारी वही घेऊन येते. चार ओव्यांची शेवटची ओळ तिला काही केल्या आठवत नाही. तिथं मी जागा मोकळी सोडली आहे.

तुमची विद्यार्थिनी