दोन गाड्या बसून बघू दिल्याबद्दल, दादा

दादा,

समोर भेटल्यावर तुम्ही आभार मानू देत नाही, हसून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच.

लांब पल्ल्याच्या दोन मोटरसायकलींपैकी यामाहा एफजेआर १३०० घ्यावी की होंडा एसटी १३००, एवढाच माझा प्रश्न होता. कागदावर तो सुटल्यातच जमा होता. होंडाची सीट ७७५, ७९० आणि ८०५ मिलिमीटरवर लावता येते, यामाहाची ८०५ आणि ८२५ वर. माझी उंची बेताची, म्हणजे होंडा! तुम्ही मात्र आधी मला रायडिंग पँट आणि बूट चढवून यायला लावलंत. मग गाडी मागून सरळ धरलीत, दोन्ही पाय पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, ठेवायला सांगितलेत आणि नेहमीसारखं पुढे झुकून हात हँडलवरून अलगद उचलायला लावलेत. धड जागच्या जागी राहिलं तर बैठक जमली. तोंडावर पडायला झालं, तर तो सगळा भार दिवसभर मनगटांनी उचलायचा. वेगात वारा छातीला थोडा टेकू देतो, गर्दीत तोही मिळत नाही.

गुडघ्यांचं गणित तर माझ्या डोक्यातच नव्हतं. सीट खाली घेतली की पाय टेकतात खरे, पण पेग जागचे हलत नाहीत, म्हणून गुडघा जास्त दुमडतो. शिवाय सीट पुढच्या बाजूला रुंद असली की मांड्या फाकतात आणि कमी उंचीचा निम्मा फायदा तिथेच जातो. सगळ्यात खालच्या सीटवर मला सुरुवातीला राजेशाही वाटलं. तुम्ही उठू दिलं नाहीत, गप्पा मारत बसलात आणि थोड्याच वेळात गुडघे बोलायला लागले.

होंडाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. २९ लिटर पेट्रोलपैकी काही सीटखालच्या दुसऱ्या टाकीत असतं, त्यामुळे वजन खाली राहतं. पण माझे हात आखूड. २००६ पासूनच्या एफजेआरचं हँडल तीन जागी बसवता येतं. तुम्ही बोल्ट सैल करून ते सर्वात जवळ आणलंत आणि कोपरं आपोआप सैल पडली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. चवड्यांवर उभं राहावं लागतं, ते मी चालवून घेतो.

वारा अडवणाऱ्या पुढच्या काचेचंही तुमचंच ऐकलं. पूर्ण वर नेली की हेल्मेटभोवती वारा घुमतो, म्हणून तिच्या कडेवरून रस्ता दिसेल इतपतच ठेवतो. क्लचचा लिव्हर थोडा खाली फिरवून दिलात, त्याचे आभार वेगळे. बोटं आता हाताच्या सरळ रेषेत राहतात आणि मनगटाची जुनी कुरकुर बंद आहे. ब्रेकचा लिव्हर अजून तसाच आहे; सवड असेल तेव्हा सांगा, पाना घेऊन येतो.

तुमचा,
धाकटा रायडर